नवमीला थांबलेली सायकल

१

सायकल उभी होती.

गेला आठवडाभर ती उभी असलेली मुलुंडमध्ये कोणी पाहिली नव्हती. त्यामुळे सकाळी दूध आणायला निघालेले लोक आधी थबकले ते तिला पाहून. तिच्यावरचा माणूस नाहीसा झालाय हे त्यानंतर ध्यानात आलं. मैदानाच्या मधोमध, चुन्याने आखलेल्या रिंगणात, ती स्टँडवर नीट लावलेली होती. हँडलला झेंडूची माळ, पुढच्या चाकावर हळदकुंकवाची बोटं आणि दांड्याभोवती पांढऱ्या सुताचे वेढे. सायकलवीर चंद्रप्रकाशचा मात्र पत्ता नव्हता.

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून नलिनी खांबेटे यांनी हे पाहिलं आणि, खरं सांगायचं तर, त्यांना आधी बरंच वाटलं. आठवडाभर त्या भोंग्याने त्यांचं डोकं उठवलं होतं. 'न थांबता, न उतरता, दसऱ्यापर्यंत! परब सायकल मार्टतर्फे!' असं पहाटेपर्यंत चालायचं. मग दोन सिनेमाची गाणी, मग पुन्हा तेच. नलिनीबाई फोर्टातल्या एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायच्या. लोकांनी रचलेल्या चोऱ्या आणि लावलेल्या आगी उकरून काढण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. झोप झाली नाही की त्या कोणाच्या नसत. आज तर त्यांनी त्यापायीच रजा टाकली होती.

परब सायकल मार्ट त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, मैदानाकडे तोंड करून होतं. म्हणजे व्हायचं होतं. उद्घाटन उद्या, दसऱ्याच्या मुहूर्तावर. मालक अनंत परब हा गिरणीतला साचेवाला, मागावर कापड विणणारा. संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते बंदच राहिलं. मग दोन-तीन वर्षं फुटपाथवर पंक्चर काढत बसला आणि आता होतं नव्हतं ते घालून त्याने हा गाळा घेतला. पण नव्या दुकानाची लोकांना खबर कशी लागणार? त्याचा मेहुणा नंदू म्हणाला, "भावोजी, हँडबिलं लोक भेळ खायला वापरतात. माणूस फिरता ठेवा. बघा, पब्लिक कसं येतंय!" आणि पब्लिक आलं. सायकलवरच जेवणारा, सायकलवरच दाढी करणारा चंद्रप्रकाश बघायला भांडुपहूनसुद्धा माणसं आली.

तीच माणसं आता खवळली होती.

"बनवलं रे आपल्याला!"

"बनवलं कसलं? मेला असेल तो! रातोरात नेऊन देवनारच्या कचऱ्यात टाकला असेल."

हे वाक्य कोण बोललं कळलं नाही, पण घटकाभरात ते सगळ्या मैदानाचं मत झालं. एक दगड आला आणि दुकानाच्या पाटीवरचा बल्ब फुटला.

फौजदार भोईटे आले. झाडामागे, पंपाच्या खोलीत, गच्चीवर, सगळीकडे शोध झाला. हवालदाराने दुकानाच्या शटरकडे बोट केलं तेव्हा अनंत कळवळून म्हणाला, "साहेब, ती फीत उद्या मुहूर्तावर कापायची. तोवर शटर उघडायचं नाय."

भोईट्यांनी लाल फीत पाहिली, कुलपाला बांधलेलं आंब्याचं डहाळं पाहिलं. "राहू दे. फीत शाबूत आहे, आत कोण जाणार?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "परब, संध्याकाळपर्यंत माणूस दिसला नाही तर मला तुम्हाला न्यावं लागेल. आणि ही पब्लिक मला आवरेल असं सांगता येत नाही."

दहा मिनिटांनी अनंत नलिनीबाईंच्या दारात होता. हात जोडलेले, ओठ कोरडे पडलेले.

"ताई, माझी वाट लागली. दुकान फोडतील हो. उद्या ते उघडलं नाय तर मी परत फुटपाथवरसुद्धा बसू शकणार नाय. मुलुंडमध्ये तोंड दाखवायला जागा उरणार नाय."

नलिनीबाईंनी चष्मा पुसला. भोंग्याबद्दल चार शब्द सुनवायचं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ते शब्द त्यांनी गिळले.

"चला," त्या म्हणाल्या. "आधी ती सायकल बघू दे."

२

सायकल त्यांनी बराच वेळ पाहिली. कुठे खरचटलेलं नाही, माती उडालेली नाही. स्टँड पायाने दाबून नीट लावलेला. हळदीची बोटं सारखी उमटलेली, आणि सूत गाठ न मारता टोक आत खोचून गुंडाळलेलं.

"रात्री इथे कोण होतं?"

"मी होतो ना," नंदू पुढे झाला. केसांना तेल, गळ्यात रुमाल, घोगरा बसलेला आवाज. "पण पहाटे जरा डोळा लागला, ताई. बघणारे पण पेंगत होते. उठतो तर झोल झालेला."

"माळ तू घातलीस?"

"माळ? आपण कशाला घालू?"

"आज नवमी आहे."

"आज नवमी काय? आयला! उद्या दसरा एवढंच डोक्यात होतं माझ्या." आणि मग मैदानाकडे बघून त्याच्या चेहऱ्यावर एक चमक आली, ती त्याला लपवता आली नाही. "पण पब्लिक बघा ना. कालच्या डबल. अशी पब्लिसिटी मागून मिळत नाय."

"म्हणजे तूच लपवलास त्याला?"

"आईशप्पथ नाय! लपवला असता तर दुपारी बँड लावून बाहेर काढला असता. दगड खात बसलो असतो काय?"

हे नलिनीबाईंना पटलं. नंदूला गुपित पोटात ठेवता आलं असतं तर तो भोंग्यावर बसलाच नसता. त्याने लगेच माईक उचलला. "सायकलवीर चंद्रप्रकाश, जिथे असाल तिथून त्वरित मैदानात..."

"भोंगा बंद करा हो! पाया पडते, बंद करा त्यो!"

ओरडली ती मालन, चंद्रप्रकाशची बायको. दुकानाच्या शटरला पाठ लावून ती पायरीवर बसली होती. नंदूने माईक ठेवला. नलिनीबाई तिच्याशेजारी टेकल्या.

"शेवटचा कधी पाहिलास त्याला?"

"चांदण्या हुत्या तवा. दूध पाजलं."

"सायकलची पूजा तू केलीस?"

मालनच्या डोळ्यांत आग उतरली. "मी? ती सवत हाय माजी. गावोगाव तिच्या मागं फिरतीया मी. तिला कुकू लावीन व्हय? विहिरीत ढकलंन."

एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. रडत होती का? नलिनीबाईंना खात्री वाटेना. तिने एकदाही विचारलं नाही, की काही कळलं का, कुठे असेल, जिवंत असेल ना. फक्त एक हात तिने मागे शटरवर ठेवला होता आणि भोंग्याकडे पुन्हा पुन्हा बघत होती.

मैदानापलीकडे रतनशेठचं जुनं दुकान. भाड्याने सायकली देणारं ते त्या भागातलं एकच दुकान होतं, आणि उद्यापासून एकच राहणार नव्हतं. सगळ्यांचा संशय तिथेच होता. दुकानाबाहेर त्याच्या भाड्याच्या सायकली ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीला झेंडूची माळ.

"आज भाड्याला नाही देत, बेन," रतनशेठ म्हणाला. "नवमी आहे, सायकलला आराम. वरसातून एक दिवस."

नलिनीबाई ओळीवरून फिरल्या. माळा होत्या, कुंकू होतं. सूत कुठेच नव्हतं.

"लोक म्हणतात तुम्ही त्याला उचललात."

"मी?" रतनशेठ हसला नाही. "मी काल त्याला बघितला. सच्ची सांगतो, तो सायकल चालवत नव्हता, सायकल त्याला चालवत होती. पाय असे सुजलेले. बायकोला 'आई' म्हणून हाक मारत होता. मी म्हटला, हा माणूस उद्यापर्यंत टिकत नाही."

"मग कोणाला सांगितलंत का?"

"मी कशाला सांगू? ती बाई सांगत होती ना. काल सांजे, त्या झाडाखाली. अनंतच्या पायावर डोकं ठेवून रडत होती, की ह्याला उतरवा." त्याने बारीक डोळ्यांनी बघितलं. "अनंतने हे तुम्हाला बोलला नाही?"

३

अनंत हे बोलला नव्हता.

नलिनीबाई तडक त्याच्या घरी गेल्या. इमारतीच्या मागच्या चाळीत एक खोली आणि मोरी. अनंत खाटेच्या कडेवर बसला होता. बायको रत्नप्रभा स्टोव्हपाशी, दाराकडे पाठ करून.

"मालन काल तुमच्या पाया पडली होती," नलिनीबाई म्हणाल्या. "मला का नाही सांगितलंत?"

अनंतचा चेहरा राखेसारखा झाला.

"एका दिवसाचा प्रश्न होता, ताई. दसऱ्यापर्यंत म्हणून सगळ्या मुलुंडभर सांगून बसलो. मध्येच उतरला असता तर लोक म्हणाले असते, ह्याचा सायकलवाला पडला, तसंच दुकान पडणार. मी त्याला म्हटलं, बाबा, एक दिवस काढ. तो म्हणाला, काढतो." त्याचा आवाज फुटला. "आता वाटतं, खरंच कुठे जाऊन पडला असेल... मेला असेल तर? मी मारला त्याला, ताई. कोणी उचलला नाय. मीच मारला."

रत्नप्रभाचा हात स्टोव्हच्या पिनेवर थांबला. मग तिने चहा गाळला आणि कप नलिनीबाईंपुढे ठेवला. तिची नजर वर आली नाही.

कप घेताना नलिनीबाईंचं लक्ष खिडकीखाली गेलं. तिथे पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं. फुलं, हळदकुंकू, पुढे खोबऱ्याची वाटी. मशीनच्या चाकाभोवती पांढरं सूत होतं, गाठ न मारता टोक आत खोचलेलं.

"ही सुताची पद्धत कोणाकडची?" त्यांनी सहज विचारलं.

उत्तर अनंतने दिलं. "आमच्या बाबांची. नवमीला साच्याला असं सूत गुंडाळायचे. गिरणीतली बाकीची माणसं हसायची. आता साचा कुठला? मग ही मशीनला गुंडाळते."

नलिनीबाईंनी चहा अर्धाच प्यायला.

परतताना त्या इमारतीच्या मागच्या बोळातून आल्या. तिथे एका भिंतीवर सगळ्यांची विजेची मीटरं होती आणि समोर दुकानाचं मागचं दार, कुलूप लावलेलं. सहज म्हणून त्यांनी मीटरांवरून नजर टाकली. स्वतःच्या मीटरची चकती संथ होती. पंपाचं मीटर बंद. भोंग्याची वायर पंपाच्या मीटरवरून घेतली होती, त्यावरून त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला चांगलं झापलं होतं. शेवटचं मीटर कोरं करकरीत, वर 'परब' अशी चिठ्ठी.

दुकान बंद, शटर बंद, फीत शाबूत. उद्यापर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही.

आणि काचेमागे चकती फिरत होती. तिच्या कडेची लाल खूण पुढे येत होती, नाहीशी होत होती, परत पुढे येत होती.

४

"मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे आहे," नलिनीबाई म्हणाल्या.

रत्नप्रभाला त्यांनी बोळात एकटीला बोलावून घेतलं होतं. मैदानाच्या बाजूने गलका वाढत होता. ऊन उतरायला लागलं होतं आणि भोईट्यांची गाडी परत आल्याचा हॉर्न ऐकू आला.

"माका काय म्हायत नाय, ताई."

"ऐक गं. पळवून नेणारा माणूस सायकल स्टँडवर लावत नाही, कुंकू तर मुळीच लावत नाही. पळून जाणाराही लावत नाही. म्हणजे ज्याने चंद्रप्रकाशला उतरवलं, त्याला नवमीची जाणीव होती. नंदूला नवमी कधी हेच ठाऊक नाही. मालनला ती सायकल डोळ्यांपुढे नको. रतनशेठ पूजा करतो, पण सूत गुंडाळत नाही. तसं सूत मुलुंडमध्ये मी आज दोनच ठिकाणी पाहिलं, मैदानात आणि तुझ्या मशीनवर. मालनला ठाऊक होतं म्हणून तिने नवरा कुठे आहे हे कोणाला विचारलं नाही. ती फक्त भोंगा बंद करा म्हणत होती. झोपलेल्या माणसाला जागं करू नये म्हणून. आणि आत पंखा चालू आहे. हे मीटर बघ."

रत्नप्रभाने मीटरकडे पाहिलं. मग पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि किल्ली काढली.

आत नव्या रबराचा आणि रंगाचा वास. कागदात गुंडाळलेल्या सायकली भिंतीला टेकून होत्या. त्यांच्यामध्ये पुठ्ठे पसरून चंद्रप्रकाश झोपला होता, तोंड उघडं टाकून, हात दोन्हीकडे फेकलेले. टेबलफॅन त्याच्यावर फिरत होता. पाय गुंडाळलेल्या ताडपत्रीवर उंच ठेवले होते. नलिनीबाईंनी ते सुजलेले पाय पाहिले. त्यांनी खाली वाकून श्वास पाहिला. संथ, खोल.

"पहाटे मालन आणि मी धरून आणला," रत्नप्रभा हळू आवाजात म्हणाली. "दोनदा ह्यांका सांगितलंय. ऐकूक नाय. म्हटलं, दुपारपर्यंत झोपू दे, मग सांगेन. तोपर्यंत पोलीस इले. मग तोंड उघडूक धीर होईना. सांगितलं तर ह्यांची अब्रू जाणार, नाय सांगितलं तर ह्यांका घेऊन जाणार. सकाळपासून जीव टांगून बसलंय मी."

"आणि पूजा? एवढ्या घाईत?"

ती ओशाळली. "सायकल थांबली. नवमी होती. तशीच कशी सोडू? हात आपोआप गेलो." मग तिने मान वर केली आणि पहिल्यांदाच नलिनीबाईंच्या डोळ्यांत बघितलं. "ताई, नवमीला गिरणीतलो साचोसुद्धा बंद ठेवत. माणसाक तेवढी पण सुट्टी नको? संपात ह्यांका उपाशी फिरताना बघितलंय मी. रोज गेटावर जायचे आणि रोज परत यायचे. तेव्हा एका माणसाने येऊन म्हटला नाय, की पुरे झाला, बस आता. कोणीतरी म्हणूक व्हया होता."

मागे दार वाजलं. उंबऱ्यात अनंत उभा होता, त्याच्या खांद्यावरून नंदू डोकावत होता.

५

अनंतने झोपलेल्या माणसाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"गे, तू ह्या काय केलंस?"

"तुमच्या हातून जा होऊक व्हया होता, ता केलंय."

त्याचा हात वर गेला होता. तो कोणावर उठला होता हे बहुधा त्यालाही कळलं नसावं. तो तसाच हवेत राहिला आणि खाली आला.

नंदू मात्र हर्षाने नुसता नाचायचा बाकी होता. "झकास! भावोजी, टेन्शन खल्लास! ह्याला मागच्या दाराने काढू. तोंडावर पाणी मारू, दोन माणसं धरून सायकलवर बसवू. मी माईकवर सांगतो, वीर परतला! साक्षात्कार झाला! पब्लिक पागल होईल. उद्या मुहूर्ताला मुंगी शिरणार नाय."

बाहेर कोणीतरी शटरवर लाथ मारली. पत्रा थरथरला. चंद्रप्रकाशने झोपेतच पाय हलवले, एक, मग दुसरा, पायडल मारल्यासारखे, आणि कण्हला.

अनंत ते बघत राहिला. चोर कोण हे सांगण्यापर्यंत नलिनीबाईंचं काम होतं आणि ते झालं होतं. पण त्या क्षणी त्यांना अनंत काय करेल याची भीती वाटत होती, कारण नंदू म्हणत होता ते शक्य होतं. सोपं होतं. कोणाला कधीच कळलं नसतं. त्याचं दुकान वाचलं असतं, नाव वाचलं असतं.

"भोंगा लावू का?" नंदू म्हणाला.

"नको."

अनंत मागच्या दाराने बाहेर गेला. नलिनीबाई त्याच्यामागे बोळातून मैदानाकडे आल्या. माणसांची भिंत होती. हातांत चपला, हातांत दगड. भोईटे काठी आडवी धरून पायरीवर उभे होते आणि मालन शटरला चिकटून बसली होती, आता खरोखरच रडत.

"आला रे आला! धरा त्याला!"

अनंतने कोणाकडे पाहिलं नाही. तो पायरी चढला. फीत बांधलेली होती तिथे उद्याच्या पाहुण्यांसाठी कात्री आणून ठेवायची होती, ती अजून आलीच नव्हती. त्याने फीत दातांनी तोडली.

"परब, अहो मुहूर्त..." भोईटे म्हणाले.

"राहू दे साहेब."

त्याने कुलूप काढलं. शटर त्याने एरवी खाडकन वर फेकलं असतं. आता दोन्ही हातांनी धरून, गुडघ्यांवर जोर देत, तसूतसूने वर सरकवायला लागला. मालनने उठून एक बाजू धरली. आतून रत्नप्रभाचे हात दिसले, तिने खालून आधार दिला. पुढच्या लोकांना आधी पुठ्ठे दिसले, मग पंखा, मग ते पाय. पुढे घुसलेला एक जण थबकला, आणि त्याच्यामागचे त्याच्यावर आदळून थांबले.

अनंत लोकांकडे वळून उभा राहिला. नंदूने पुढे केलेला माईक त्याने हातानेच बाजूला सारला.

"ह्याला ह्याच्या बायकोने आणि माझ्या बायकोने उतरवला," तो म्हणाला. "काल त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी नाय म्हटलं. एक दिवस काढ म्हटलं. दसऱ्यापर्यंतची गोष्ट खोटी ठरली, ती माझ्यामुळे. ज्याला शिव्या द्यायच्यात त्याने मला द्याव्यात, उद्या सकाळी. साहेब, डॉक्टरला निरोप धाडा."

मागून एक आवाज आला, "काय म्हणतोय? मोठ्याने बोल!"

अनंतने मान हलवली आणि आवाज आणखी खाली आणला.

"दुकान उघडलंय," तो म्हणाला. "पण हळू या. माणूस झोपलाय."